हात दुखतो, तेव्हा मन काय करते?

कल्याण स्टेशनच्या पुलावर सकाळी सातच्या सुमारास जरा बाजूला उभे राहून पाहा. माणसांचा लोंढा फलाटांकडे धावत असतो. ठाण्यापर्यंत आलेली आगगाडी १ मे १८५४ रोजी कल्याणास पोहोचली, आणि तेव्हापासून या गावचे नि मुंबईच्या कचेऱ्यांचे जे नाते जडले ते दिवसेंदिवस घट्टच होत आले आहे. या गर्दीतल्या माणसांच्या तोंडाकडे पाहू नका, हातांकडे पाहा. एक हात कडीला धरलेला, दुसऱ्या हातात जेवणाच्या डब्याची पिशवी. सुमारे ५४ किलोमीटरांचा प्रवास करून हे हात मुंबईला जाऊन काय करणार? नांगर धरणार नाहीत, घण मारणार नाहीत. यांतले पुष्कळसे हात दिवसभर संगणकाच्या कळा दाबणार. आणि कळ दाबता दाबता एखाद्या दिवशी त्याच हातात कळ येऊ लागते. आज बोलायचे आहे ते या दुखण्याविषयी.

हे दुखणे शहरातल्या नोकरदारांचेच आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे मात्र म्हणू नका. आज शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना विद्यार्थ्यांची माहिती संगणकावर नाहीतर मोबाईलवर भरावी लागते. ग्रामपंचायतीत दाखले काढून देणारा मुलगा दिवसभर कळफलकापुढे बसतो. सरकारी नोकरीची आशा धरून तालुक्याच्या गावी टायपिंगच्या क्लासला जाणारी मुले-मुली तर गावोगावी आहेत. सरकारी टंकलेखनाच्या परीक्षेला मिनिटाला ३० शब्दांचा वेग लागतो. एका शब्दाला सरासरी पाच ठोके धरले, तर मिनिटाला १५० ठोके झाले, तासाला ९,०००. पाच तास असे काम केले की बोटांनी ४५,००० वेळा उठबस केली! ज्वारी खुडणाऱ्या हातालासुद्धा एवढ्या वेळा एकच हालचाल करावी लागत नसेल.

एका बाईंची हकिकत सांगतो. नाव सांगत नाही, कारण ही एकीची हकिकत नाही. अशा तीनचार जणींच्या हकिकती मी एकत्र गुंफल्या आहेत. बाई कल्याणच्या, नोकरी मुंबईतल्या एका कचेरीत, काम दिवसभर टंकलेखनाचे. आधी उजवे मनगट संध्याकाळी अवघडू लागले. बाईंनी तेल चोळले, गरम पाण्याने शेकले, दुर्लक्ष केले. पुढे ठणका कोपरापर्यंत चढला. पोळपाटावर पोळी लाटवेना, दाराची कडी काढवेना, धाकट्याला कडेवर घेववेना. डॉक्टरांनी फोटो काढला, रक्त तपासले, शिरांची तपासणी केली. सारे ठीक! "तुम्हाला काही झालेले नाही," असे सांगून त्यांनी बाईंना घरी धाडले. घरी कोणी म्हणाले, मनाचे खेळ आहेत. कचेरीत कोणी म्हणाले, काम टाळायला बहाणा बरा सापडला. बाई उजवा हात जपून डाव्याने काम करू लागल्या, तर महिन्याभरात डावाही दुखू लागला. रात्री झोप येईना. नोकरी गेली तर घराचा हप्ता कोण भरणार, हा एकच विचार.

आता तुम्हीच सांगा, या बाईंना खरोखर काही झालेले नव्हते काय? झाले होते. त्यांचे दुखणे शंभर टक्के खरे होते. मग तपासणीत का सापडले नाही? हे कोडे उलगडायचे तर थोडे मागे जाऊ या.

हाताचे हे दुखणे संगणकाबरोबर आलेले नाही. ते लेखणीइतके जुने आहे. इटलीमध्ये बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचा एक वैद्य होऊन गेला. कोणत्या धंद्यातल्या माणसाला कोणता रोग जडतो, याचा शोध घेण्यासाठी तो कामकऱ्यांमध्ये हिंडला आणि १७०० साली त्याने या विषयावर ग्रंथ लिहिला. १७१३ साली त्या ग्रंथाची वाढवलेली आवृत्ती निघाली, तीत लेखनिकांवर एक प्रकरण आहे. लेखनिकांच्या दुखण्याची त्याने तीन कारणे दिली. पहिले, सतत बसून राहणे. दुसरे, हाताची अखंड एकाच तऱ्हेची हालचाल. आणि तिसरे? हिशेबाच्या वहीत चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण! तीनशे वर्षांपूर्वीच्या या वैद्याला हातासंगे मनही दिसले होते. आपल्या ओळखीच्या एका लेखनिकाची गोष्टही तो सांगतो. जन्मभर लिहून लिहून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्याने मोठ्या कष्टाने डाव्या हाताने लिहायची सवय केली, तर थोड्याच काळात डाव्या हातालाही तेच दुखणे लागले. आपल्या कल्याणच्या बाईंसारखेच झाले की नाही?

पुढे तारायंत्र आले. 'कड कट्ट' करीत तारा पाठवणाऱ्या बाबूंचे हात आखडू लागले. इंग्लंडात १९०८ साली या दुखण्याचा समावेश नुकसानभरपाई मिळणाऱ्या रोगांत झाला, आणि १९११ साली सरकारी चौकशी समितीने आपला अहवाल दिला. समितीने दोन कारणे एकत्र धरली: एक, त्याच त्या हालचालीने येणारा थकवा, आणि दुसरे, माणसाच्या मज्जासंस्थेची नाजूक अवस्था. थकवा आणि मज्जासंस्था, दोन्ही मिळून. एकटा हात नव्हे, एकटे मनही नव्हे.

तारेनंतर टंकयंत्र आले. १९५५ साली गोदरेजने भारतीय बनावटीचे टंकयंत्र तयार केले, आणि पुढची कित्येक वर्षे कोर्टाबाहेर, मामलेदार कचेरीपुढे त्याचा खडखडाट घुमत राहिला. या यंत्राच्या कळा जड असत. पण ओळ संपली की हात उचलून यंत्राचा गाडा सरकवावा लागे, कागद बदलावा लागे, कार्बन लावावा लागे. म्हणजे नकळत हाताला विसावा मिळे. संगणकात कळा हलक्या झाल्या, पण विसावाही गेला. मनगट एका जागी, मान पुढे, डोळे पडद्यावर, आणि श्वास? कित्येकदा तोही अर्धवट रोखलेला.

१९८० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियात तर या दुखण्याची जणू साथच आली. १९८४-८५ च्या सुमारास कचेऱ्यांतून हजारो माणसे हाताच्या तक्रारी करू लागली. टेलिफोन खात्यात, बँकांत, सरकारी खात्यांत एकच चर्चा. कोणी म्हणे यंत्र वाईट, कोणी म्हणे माणसे ढोंगी. आणि दोनतीन वर्षांत ही साथ ओसरली. कळफलक तर कमी झाले नव्हते, उलट वाढतच होते! तेव्हा निव्वळ कळफलक हेच कारण असते, तर तक्रारी ओसरल्या नसत्या. आणि ती सारी माणसे ढोंगी होती म्हणावे, तर कित्येकांचे हात पुढेही वर्षानुवर्षे दुखत राहिले, याची संगती लागत नाही. खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. ते समजायचे तर मुळात दुखते म्हणजे काय होते, ते पाहायला हवे.

आपली साधी समजूत अशी, की जिथे इजा तिथे दुखणे, आणि जेवढी इजा तेवढेच दुखणे. बोटात काटा रुतला की बोट दुखते, काटा काढला की थांबते. ताज्या दुखण्याला हा हिशेब पुष्कळसा लागू पडतो. पण नेहमी नाही. कापणीच्या घाईत विळा लागतो, रक्त वाहते, आणि माणसाला ते कळते संध्याकाळी हात धुताना! दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी जबर जखमी सैनिकांना विचारले, वेदना थांबवायला औषध हवे काय? चारांपैकी सुमारे तिघे नको म्हणाले. १९४६ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. जखमा भयंकर होत्या, पण जखमी सैनिकाला एक गोष्ट ठाऊक होती: आपण जिवंत आहोत, आणि आता लढाईतून सुटका आहे.

याचा अर्थ असा, की हातातल्या नसा मेंदूला नुसती वर्दी देतात: "इकडे काहीतरी घडते आहे." ती वर्दी किती गंभीर मानायची, हे मेंदू ठरवतो. ठरवताना तो पूर्वीचा अनुभव पाहतो, भीती पाहतो, झोप झाली आहे की नाही पाहतो, भोवतालची माणसे काय म्हणतात तेही पाहतो. मग धोका आहे असे वाटले, तर वेदनेची घंटा वाजवतो. हे सारे आपल्याला न विचारता, पापणी लवायच्या आत होते. म्हणून "दुखवून घेऊ नकोस" असे म्हटल्याने कोणाचेही दुखणे थांबत नाही.

आता घरच्या राखणदार कुत्र्याची कल्पना करा. घरात एकदा चोर शिरला. कुत्रा भुंकला, चोर पळाला; कुत्र्याने आपले काम चोख केले. पण त्या रात्रीपासून कुत्रा धास्तावला. आता पोस्टमन आला तरी भुंकतो, पाहुणा आला तरी भुंकतो, वाऱ्याने पान हलले तरी रात्रभर भुंकतो. चोर कधीच गेला आहे. पण भुंकणे खरे आहे, आणि घरादाराची झोप उडाली आहे, तीही खरी आहे. जुनाट दुखण्यात पुष्कळदा असेच होते. सुरुवातीला हातावर खरोखरच ताण पडलेला असतो. तो काही आठवड्यांत भरून येतो. पण मज्जारज्जू आणि मेंदू यांना जागे राहण्याची सवय लागते. मग हलक्या कळीचा स्पर्शही धोक्याचा वाटू लागतो. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून प्यावे, तशातली गत! तीन महिन्यांपेक्षा अधिक टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर मंडळी जुनाट म्हणतात. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९७९ सालची आपली वेदनेची व्याख्या २०२० साली सुधारली. वेदना हा शरीराचा तसाच भावनेचा अनुभव आहे, असे ती सांगते. आणि माणूस दुखते म्हणाला तर त्याच्या शब्दाचा मान राखावा, असेही तीत जोडले आहे.

मग मन यात कुठून शिरते? एक प्रयोग करून पाहा. खुर्चीत बसा, हात टेबलावर ठेवा. आता अशी कल्पना करा की साहेब मागे येऊन उभे आहेत, आणि अर्ध्या तासात दहा पाने हवी आहेत. खांदे कुठे गेले? कानांकडे! दात आवळले, श्वास छातीतच अडकला, बोटे ताठ झाली. एक कळही न दाबता हाताचे स्नायू कामाला लागले. अशा आवळलेल्या हाताने दिवसभर टंकलेखन करणे म्हणजे बैलगाडीची खीळ न काढता बैल हाकणे आहे. त्यात रात्रीची झोप उडाली की सकाळी वेदना अधिक जाणवते. वेदना वाढली की भीती वाढते, भीतीने स्नायू आवळतात, आवळल्याने वेदना वाढते. रहाटगाडग्यासारखे हे चक्र फिरत राहते. "मन चिंती ते वैरी न चिंती" ही म्हण उगीच पडलेली नाही.

या चक्रातून सोडवण्याचे उपाय आता सांगणार आहे. पण त्याआधी एक इशारा, आणि तो नीट ध्यानात ठेवा. प्रत्येक दुखणे मज्जासंस्थेच्या धास्तीचे नसते. आधी डॉक्टरांना हात दाखवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, लागेल तर जिल्हा रुग्णालयात जा. अंगठा, तर्जनी, मधले बोट यांना रात्री मुंग्या येतात, हात झटकल्यावर बरे वाटते, वस्तू हातातून निसटतात, अंगठ्याखालचा उंचवटा सपाट होत चालला आहे, असे असेल तर मनगटात नस दाबली जात असण्याचा संभव आहे. मधुमेह, गलग्रंथीचा विकार, गरोदरपण यांत हे अधिक आढळते. सांधे सुजून लाल होत असतील, सकाळी तासभर आखडत असतील, ताप येत असेल, तर संधिवाताची तपासणी हवी. मानेतून कळ हातात उतरत असेल तर मान तपासावी. आणि डावा हात दुखून छातीवर दाब येत असेल, घाम फुटत असेल, तर ते हृदयाचे लक्षण असू शकते. तेव्हा ना तेल, ना आसन, तडक इस्पितळ गाठावे.

तपासणीत असे काही निघाले नाही, म्हणजे आनंदाची गोष्ट आहे. पण आपल्याकडे ती आनंदाने सांगितली जात नाही. "काही झालेले नाही" असे न म्हणता "हाताची मोडतोड झालेली नाही, पण धोक्याची घंटा वाजत राहिली आहे, ती शांत करता येते," असे रुग्णाला समजावून सांगितले, तर निम्मे ओझे तिथेच उतरते.

ही घंटा शांत करण्याच्या वाटा कोणत्या? अमेरिकेत न्यूयॉर्कला डॉ. जॉन सार्नो (१९२३–२०१७) होऊन गेले. जुनाट पाठदुखीचे मूळ दडपलेल्या रागात आणि ताणात असते, असे ते म्हणत. १९९१ साली त्यांचे पुस्तक आले आणि त्याने लाखो वाचक मिळवले. हात धरून बसलेले कित्येक टंकलेखकही त्यांच्या वाटेने गेले. त्यांचे सारे म्हणणे विज्ञानाने मान्य केलेले नाही. दडपलेला राग हेच प्रत्येक दुखण्याचे मूळ, याला पुरावा मिळालेला नाही. पण भीती गेली की वेदना उतरते, हा त्यांचा अनुभव पुढच्या संशोधकांनी कसून तपासला. २०२१ साली कोलोरॅडो विद्यापीठातील एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जुनाट पाठदुखीच्या १५१ माणसांचे तीन गट केले. एका गटाला चार आठवडे असे शिकवले, की तुमची पाठ मोडलेली नाही, ही मेंदूची चुकीची घंटा आहे, तेव्हा न भिता हालचाल करा. या गटातील ५० पैकी ३३ जणांची वेदना गेली किंवा जवळजवळ गेली. दुसऱ्या गटाला, सांगूनसवरून, नुसत्या खाऱ्या पाण्याची सुई टोचली. त्यांतले ५१ पैकी १० बरे झाले. ज्यांचे नेहमीचेच उपचार चालू ठेवले, त्या ५० पैकी ५. हा प्रयोग पाठीचा होता, हाताचा नव्हे, हे विसरू नये. पण वाट दिसते ती अशी.

हाताचा प्रयोग पाहायचा तर तो आपल्या घराजवळच येतो. कल्याणहून पुण्याच्या गाडीत बसलात की वाटेत लोणावळा लागते. तिथे १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापले आणि योगाभ्यास यंत्रांनी तपासून पाहण्याचा पाया घातला. त्याच गाडीने पुढे पुण्यास जा. तिथे १९३७ साली आलेले बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) जन्मभर योग शिकवीत राहिले. त्यांच्या पद्धतीवर आधारलेला एक प्रयोग अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी केला आणि १९९८ साली प्रसिद्ध केला. कल्याणकरांना या शहराचे नाव परके नाही. कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी याच शहरात शिकून १८८६ साली डॉक्टर झाल्या. तर या प्रयोगात मनगटात नस दाबली गेलेल्या ४२ व्यक्ती घेतल्या. एका गटाला आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा, ११ आसने शिकवली. खांदा, कोपर, मनगट, बोटे या प्रत्येक सांध्याला ताण, बळ आणि समतोल मिळावा अशी ती आसने होती, आणि जोडीला शरीर सैल सोडण्याचा अभ्यास. दुसऱ्या गटाला मनगटाला आधाराची पट्टी दिली. आसने करणाऱ्यांची पकड वाढली आणि वेदना कमी झाली. प्रयोग लहान होता, थोड्या दिवसांचा होता. त्यावरून योगाने सारे बरे होते असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. पण एक गोष्ट पाहा: मनगटाच्या दुखण्यासाठी खांद्यापासून शिकवले आणि शेवटी सैल सोडायला शिकवले.

आता घरी करण्यासारखे काय, ते क्रमाने सांगतो.

पहिले काम वहीचे. पंधरा दिवस एका वहीत लिहा: आज कधी दुखले, तेव्हा काय चालले होते, मन कसे होते. (हात दुखत असेल तर घरच्या मुलाला सांगा, तो लिहील.) रविवारी दुखते का? माहिती भरण्याची शेवटची तारीख आली की वाढते का? आरतीला टाळ वाजवताना विसरायला होते का? दुखणे जागा बदलते का, उजव्याचे डाव्यात जाते का? अशी चिन्हे दिसली तर घंटेचा भाग मोठा आहे असे समजायला हरकत नाही. ती पुरावा नव्हेत, खूण आहेत.

दुसरे काम श्वासाचे. कळफलकाला हात लावण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसा. नाकाने सावकाश श्वास घ्या, पोट फुगू द्या. सोडताना घेण्याहून अधिक वेळ घ्या. खांदे खाली येऊ द्या, जबडा सैल, तळहात मांडीवर उताणे. रात्री निजताना शवासनात एकेक अवयव सैल सोडत जा. यात गूढ काही नाही. धास्तावलेल्या कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवण्यासारखे हे आहे.

तिसरे काम धीराचे, आणि हेच सर्वांत महत्त्वाचे. हात पूर्ण बांधून ठेवू नका, आणि दात-ओठ खाऊन रेटूही नका. दहा मिनिटे टंकलेखन केले की दुखणे वाढते ना? मग सात मिनिटांवर थांबा. दोनतीन दिवसांनी आठ करा, मग नऊ. बरे वाटले म्हणून एकदम तासभर नको, आणि थोडे दुखले म्हणून बंदही नको. कुत्र्याला पोस्टमनची ओळख करून देतात, तशी हाताला कामाची पुन्हा ओळख करून द्यायची. थोडे दुखले तर मनाशी म्हणा: "दुखते आहे, पण मोडलेले नाही." मात्र दुसऱ्या दिवशीही वाढलेले दुखणे उतरले नाही, किंवा बधिरपणा आला, तर पाऊल मागे घ्या आणि डॉक्टरांना विचारा. आसने करतानाही मनगट जोराने वाकवू नका. मुंग्या वाढल्या तर ते आसन सोडा, आणि शक्यतो जाणत्या शिक्षकाजवळच शिका.

चौथे काम बसण्याचे. कोपर कळफलकाच्या पातळीवर, मनगट सरळ, पाय जमिनीला टेकलेले. खुर्ची उंच असेल तर पायांखाली पाट घ्या. अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे हात मोकळे सोडा. मोबाईलवर एकाच अंगठ्याने लांबलचक तक्ते भरण्यापेक्षा दोन्ही हात वापरा, आणि मोबाईल टेबलावर टेकवून ठेवा.

इथे कचेरीच्या साहेबांना आणि शाळेच्या वरिष्ठांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. दुखण्यात मनाचा भाग आहे, याचा अर्थ कामाचा भाग नाही, असा नव्हे. माणसाचे मन धास्तावते ते अनेकदा खऱ्याच कारणांनी: दोन माणसांचे काम एकावर पडल्याने, रात्री दहाला 'उद्या सकाळपर्यंत माहिती हवी' असा निरोप आल्याने, नोकरीच्या टांगत्या तलवारीने. घरात रोज चोर सोडायचे आणि कुत्रा भुंकतो म्हणून कुत्र्यालाच दोष द्यायचा, हा न्याय नव्हे. विसाव्याची वेळ ठरवून देणे, कामे वाटून देणे हेही उपचारच आहेत.

आणि गुरुजनहो, तुमच्याकडे एक मागणे. वर्गात एखादे मूल लिहिताना हात दुखतो म्हणाले, तर "नाटक करू नकोस" असे एकदम म्हणू नका. त्याची पेन्सिल पाहा. पुष्कळदा मूल ती इतकी आवळून धरते की बोटांची पेरे पांढरी होतात. कशाने आवळते? बहुतेक वेळा चुकण्याच्या भीतीने. रामाझ्झिनीच्या लेखनिकाचे तिसरे कारण तुमच्या वर्गात पहिल्या बाकावर बसलेले असते. बोटे सैल करायला सांगा, चूक खोडता येते हे सांगा.

कल्याणच्या आपल्या बाईंचे पुढे काय झाले? चमत्कार झाला नाही. एका भल्या डॉक्टरांनी वेळ देऊन त्यांना समजावले की हात शाबूत आहे. बाईंनी वही ठेवली, तेव्हा दिसले की गुरुवारी, आठवड्याचा हिशेब द्यायच्या आदल्या दिवशी, दुखणे सर्वांत अधिक. सात मिनिटांपासून सुरुवात केली. मध्ये दोनदा दुखणे उसळले, दोनदा त्या रडल्या, पुन्हा सात मिनिटांवर आल्या. पाचसहा महिन्यांनी दिवसाचे काम होऊ लागले. आजही दगदग झाली की मनगट कुरकुरते, पण आता त्या घाबरत नाहीत. खांदे खाली सोडतात, श्वास लांब सोडतात आणि पुढच्या ओळीला लागतात. पोळ्या लाटतात, आणि धाकटा आता कडेवर बसण्याइतका लहान राहिला नाही, एवढीच त्यांना खंत आहे.

तेव्हा कोणी हात दुखतो म्हणाले, तर पहिला शब्द असा निघू द्या: "खरे आहे, दुखत असेल." मग डॉक्टरांकडे न्या, आणि मग धीर द्या. खरे मानणे, तपासणे आणि धीर देणे, हा क्रम तेवढा उलटा करू नका.